प्रकाशन समारंभात कवितेला निम्मा वेळ मिळावा

आपला पहिला कवितासंग्रह दोन-अडीच महिन्यांत छापून येतो आहे, पुण्यातच त्याचे प्रकाशन करायचे आहे आणि त्याला जोडून काव्यवाचन ठेवायचे आहे. आजवर ज्या प्रकाशनांना आपण गेलात, त्यांतली बहुतेक जांभया आवरत पार पाडावी लागली; तेव्हा आपल्या कार्यक्रमाचे तसे होऊ नये म्हणून काय करावे, आणि निमंत्रित कवींचे संमेलनही त्यातच घ्यावे का, असे आपण विचारले आहे. गेली सव्वीस वर्षे मी या शहरात अशा कार्यक्रमांचे संयोजन आणि सूत्रसंचालन करत आले आहे, त्यामुळे जांभया मीही पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही माझ्याच निवेदनामुळे आलेल्या होत्या. माझे उत्तर एवढेच आहे की, श्रोत्याचा कान ताजा असतो तेव्हा त्याला कविता ऐकवावी आणि एकूण वेळेपैकी निम्मा वेळ कवितेसाठी बाजूला काढल्याशिवाय बाकी कोणालाही वेळ वाटून देऊ नये.

नेहमीच्या कार्यक्रमाचा हिशेब मांडून पाहा. निमंत्रणपत्रिकेवर सहाची वेळ असते, सुरुवात सहा वाजून वीस मिनिटांनी होते. दीपप्रज्वलनाला पाच मिनिटे, स्वागतगीताला पाच, प्रास्ताविकाला दहा, पाहुण्यांचा परिचय आणि शाल-श्रीफळ यांना पंधरा, प्रत्यक्ष प्रकाशनाला पाच, प्रकाशकाच्या मनोगताला दहा, प्रमुख पाहुण्यांना पंचवीस, कवीच्या मनोगताला पंधरा, अध्यक्षीय समारोपाला वीस आणि आभाराला सात, अशी एकशे सतरा मिनिटे होतात. हा हिशेब सगळे वेळ पाळतील असे धरून केलेला आहे. म्हणजे सव्वाआठ वाजून गेले तरी कवितेला अजून जागा मिळालेली नाही. मग निवेदक घड्याळाकडे पाहत म्हणतो की, वेळेअभावी कवीने दोनच कविता सादर कराव्यात. आणि ज्या पुस्तकासाठी हा सारा खटाटोप केला, त्यातल्या दोन कविता खुर्च्या सरकवण्याच्या आवाजात वाचल्या जातात.

मी सुचवते तो क्रम थोडा वेगळा आहे. सहाला पाच मिनिटे कमी असताना दारे बंद करण्याची गरज नाही, पण सहा वाजून पाच मिनिटांनी, कोणाचेही स्वागत न करता, कवीने व्यासपीठावर येऊन दोन कविता वाचाव्यात. चार मिनिटे पुरतात. त्यानंतर स्वागत आणि सत्कार मिळून दहा मिनिटे, प्रकाशन पाच मिनिटे आणि लगेच कवीचे वीस मिनिटांचे सलग वाचन. मग पाहुण्यांचे पंधरा मिनिटांचे भाष्य, त्यानंतर इतरांनी याच संग्रहातल्या कविता वाचण्याची पंधरा मिनिटे, कवीशी दहा मिनिटांच्या गप्पा, तीन मिनिटांत आभार आणि शेवटी एक कविता. सगळे मिळून पंच्याऐंशी मिनिटे होतात आणि त्यांतली बेचाळीस कवितेची असतात. आभार शेवटच्या कवितेच्या आधी मानायचे, हे मात्र विसरू नये. कारण माणसे घरी जाताना मंडपवाल्यांचे आणि ध्वनिव्यवस्थेचे आभार डोक्यात घेऊन जावीत, अशी कोणत्याच कवीची इच्छा नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा येतो की, उशिरा येणारे श्रोते पहिल्या दोन कवितांना मुकतात. पुण्याची संध्याकाळची वाहतूक आणि टिळक रस्त्यावर दुचाकी लावायला जागा शोधण्यातला वेळ पाहता आक्षेप खरा आहे. त्यावर मी एक उपाय अनेकदा वापरला आहे, तो म्हणजे सुरुवातीला वाचलेल्या दोन कवितांपैकी एक कविता अगदी शेवटी पुन्हा वाचायची. उशिरा आलेल्यांना ती नवीच असते आणि वेळेवर आलेल्यांना, मधल्या तासाभरात कवीची भाषा ओळखीची झाल्यामुळे, त्याच ओळी वेगळ्या ऐकू येतात. अर्थात त्यासाठी दोनदा ऐकण्याजोगी कविता निवडावी लागते, आणि आपल्याकडे तशी कविता कोणती, हे कवीला स्वतःला सहसा कळत नाही. घरातल्या स्पष्टवक्त्या माणसाला विचारावे.

नुसत्या कविता ऐकायला माणसे बसतील का, अशी धाकधूक आपल्या प्रश्नात मला जाणवली. या शहराला तरी ती धाकधूक शोभत नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींच्या त्या मंडळाने कविता लोकांसमोर म्हणून दाखवण्याची गोडी लावली. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी वर्षानुवर्षे एकत्र गावोगाव काव्यवाचन केले आणि सभागृहे भरवली. माधव ज्यूलियन म्हणजेच माधवराव पटवर्धन. महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या टिळक रस्त्यावरील वास्तूत त्यांच्या नावाचे सभागृह आहे आणि पुण्यातल्या कितीतरी कवींच्या पहिल्या पुस्तकाचे प्रकाशन त्याच व्यासपीठावर झाले आहे. माणसे कवितेला कंटाळत नाहीत. कवितेपर्यंत पोचण्याआधीच ती थकलेली असतात.

आता कवितांच्या निवडीकडे येते, कारण खरी मेहनत तिथे आहे. संग्रहात साठ-सत्तर कविता असल्या, तरी व्यासपीठासाठी बारा-तेरा पुष्कळ झाल्या. वीस-बावीस ओळींची मुक्तछंदातली कविता शांतपणे वाचली तर दीड ते दोन मिनिटे लागतात, म्हणजे वीस मिनिटांच्या सलग वाचनात, मधले श्वास आणि एखाद-दुसरे वाक्य धरून, नऊ कविता बसतात. काही कविता डोळ्यांसाठी असतात आणि काही कानांसाठी. ओळींची मांडणी, कंसातले शब्द, कागदावर मुद्दाम सोडलेली मोकळी जागा यांवर जी कविता उभी आहे, ती कितीही चांगली असली तरी पुस्तकातच राहू द्यावी. ज्या कवितेत एखादी ओळ फिरून फिरून येते, ज्यात कोणीतरी कोणाशी तरी बोलते आहे, किंवा जिच्यात एखादी वस्तू, माणूस, घर डोळ्यांसमोर उभे राहते, ती ऐकणाऱ्याला धरून ठेवते. पहिल्या संग्रहात आईवर चार आणि पावसावर सहा कविता असतात, हा माझ्यापुरता जवळजवळ नियमच झाला आहे; त्यांतली प्रत्येकी एकच घ्यावी आणि त्या दोन कविता एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. मृत्यूवरची कविता पहिल्या तीनांत नको. हसू आणणारी एक तरी कविता चौथ्या-पाचव्या जागी असावी, कारण तिथे श्रोता पहिल्यांदा खुर्चीत हलतो.

कवितेआधी तिची पार्श्वभूमी सांगण्याचा मोह टाळावा. ही कविता मला कशी सुचली, त्या दिवशी मी कुठे होते, आभाळ कसे भरून आले होते, हे चार मिनिटे ऐकल्यावर दीड मिनिटाची कविता त्या हकिकतीची पुरवणी वाटू लागते. कवितेतला एखादा शब्द श्रोत्याला ठाऊक नसण्याची शक्यता असेल, तर तेवढाच आधी सांगावा. नवी पेठेतल्या श्रोत्यांपैकी अनेकांना तिफण म्हणजे काय ते माहीत नसते. तीन फणांचे पेरणीचे अवजार, एवढे सांगितले की पुरे, मग कविता आपले काम आपण करते. कवितेचा अर्थ सांगून मग कविता वाचणे म्हणजे पाहुण्याला पानावर बसवून काय काय वाढणार ते ऐकवत राहणे आहे.

प्रत्यक्ष वाचनातला सर्वांत मोठा दोष मराठी वाक्याच्या घडणीतूनच येतो आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी असते आणि नकार त्याच्याही नंतर येतो. ओळीच्या शेवटी श्वास संपत आला की वाचणाऱ्याचा आवाज खाली जातो, शेवटचा शब्द गिळला जातो, आणि नेमका तोच शब्द वाक्याचा कणा असतो. “मी परत आले नाही” या ओळीतला “नाही” मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर तिथे बसलेल्यांच्या दृष्टीने कवितेतली बाई घरी परत आलेली असते आणि पुढचे सगळे कडवे त्यांना कोड्यात टाकते. म्हणून सराव करताना प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि तो शब्द संपेपर्यंत आवाज टिकवावा. आवाज चढवायचा नाही, टिकवायचा आहे. घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीत बसवून फक्त शेवटचे शब्द लिहून घ्यायला सांगितले, तर पंधरा मिनिटांत आपली चूक कळते. ही परीक्षा मी अनेक नव्या कवींकडून करून घेतली आहे आणि पहिल्या प्रयत्नात त्यांतले फार थोडे उत्तीर्ण झाले.

मुक्तछंदात ओळ कुठे तोडली आहे, हीच वाचणाऱ्याला दिलेली एकमेव खूण असते. ती दुर्लक्षून गद्यासारखे धाडधाड वाचत जाणे आणि प्रत्येक ओळीला एकच हेलकावा देऊन कविसंमेलनी सूर लावणे, हे दोन्ही प्रकार सारखेच घातक आहेत. ओळ तुटते तिथे अर्ध्या श्वासाचा थांबा घ्यावा आणि कडवे संपते तिथे पूर्ण श्वासाचा. संग्रहात वृत्तबद्ध कविता असतील तर यती, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा, पाळावा. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत बाराव्या अक्षरानंतर, आणि मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चौथ्या व दहाव्या अक्षरानंतर थांबा येतो. तो चुकला तर वृत्त न जाणणाऱ्या श्रोत्यालाही काहीतरी अडखळल्यासारखे वाटते. गझल असेल तर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणण्याची रीत आहे आणि ती सकारण आहे, कारण दुसऱ्या ओळीतल्या काफियाची, म्हणजे यमकाची, वाट पाहायला श्रोत्याला वेळ मिळतो. हीच रीत मुक्तछंदाला लावून प्रत्येक ओळ दोनदा म्हणणारे कवी मी पाहिले आहेत. तसे करू नये. मुक्तछंदातल्या ओळीला वाट पाहायला लावणारे पुढे काही ठरलेले नसते.

दादेबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पुणेकर श्रोता टाळ्यांच्या बाबतीत हात राखून असतो. गझलेला “वाहवा” आणि “क्या बात है” मिळते, पण मुक्तछंदातल्या कवितेनंतर शांतता पसरली, तर ती नापसंती समजून पुढची कविता घाईने सुरू करू नये. प्रत्येक कवितेनंतर शिष्टाचाराच्या टाळ्या पडू लागल्या की वाचनाची लय तुटते; म्हणून तीन-तीन कवितांचे गुच्छ करून वाचावे आणि पहिल्या गुच्छात कवितांमधला थांबा अगदी लहान ठेवावा. श्रोत्यांना अंदाज येतो, सूचना द्यावी लागत नाही.

निमंत्रित कवींच्या संमेलनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: प्रकाशनाला ते जोडू नये. दहा कवी आले की दहाही जण आपापली ताजी कविता आणतात, “दोनच कविता” या अटीचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो, आपले वाचन झाले की पुढच्या कार्यक्रमाला जायचे म्हणून काही जण उठतात, आणि ज्याचे पुस्तक आहे त्याची एकही ओळ कोणाच्या लक्षात राहत नाही. संमेलन स्वतंत्रपणे घ्यावे, तो फार सुंदर प्रकार आहे. प्रकाशनात मात्र कविमित्रांना बोलवायचे तर त्यांनी प्रकाशित होणाऱ्या संग्रहातलीच, त्यांना आवडलेली एकेक कविता वाचावी. सहा-सात आवाज पुरेत. दुसऱ्याच्या तोंडून आपली कविता ऐकताना कवीचा चेहरा जसा होतो, तो पाहण्यासाठी तरी हे करावे. यातला एक आवाज कवी नसलेल्या वाचकाचा असावा. एका कार्यक्रमात कवीच्या बँकेतल्या सहकाऱ्याने चष्मा पुसत पुसत, अडखळत वाचलेली कविता त्या संध्याकाळी सर्वांत जास्त पोचली होती. अभिनय करणाऱ्या मंडळींना बोलवायचे असेल तर जपून, कारण हावभावांत कविता वाहून जाते.

पाहुणा एकच असावा आणि त्याने पुस्तक वाचलेले असावे. ही अट फार मोठी वाटत नाही, पण “संग्रह कालच हाती आला, प्रवासात चाळला” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, आता मी निदान तीन आठवडे आधी मुद्रितांचा, म्हणजे छपाईपूर्वी तपासायच्या पानांचा, संच छापील स्वरूपात पोचवायला सांगते. मोबाइलवर पाठवलेली प्रत वाचली जात नाही. त्यांना संग्रहाचा समग्र आढावा मागू नये, कोणत्याही दोन कवितांवर बोलण्याची विनंती करावी. दोन कवितांवर नीट बोलणारा माणूस पंधरा मिनिटांत थांबतो. समग्र बोलणारा केशवसुतांपासून सुरुवात करतो. अध्यक्ष हवेतच, असे नाही.

निवेदकाबद्दल मी बोलणे म्हणजे स्वतःच्याच कळपाविरुद्ध साक्ष देणे आहे, तरी सांगते. पूर्वी प्रत्येक कवितेच्या आधी मी एखाद्या नामवंत कवीच्या चार ओळी पेरत असे. एका प्रकाशनानंतर एक वयस्क गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “बाई, तुमची निवड उत्तम होती. पण आज पुस्तक कोणाचं होतं?” त्या दिवसापासून मी निवेदनात दुसऱ्याची ओळ घेत नाही.

सभागृह निवडताना अपेक्षित श्रोत्यांपेक्षा किंचित लहान जागा घ्यावी. शंभर माणसे येतील असे वाटत असेल तर ऐंशी खुर्च्यांची खोली चालेल; पाठीमागे उभे राहिलेले वीस जण कार्यक्रमाला ऊब देतात, आणि तीच शंभर माणसे मोठ्या नाट्यगृहात विखुरली की कवी पहिल्या कवितेलाच खचतो. नवी पेठेत पत्रकार भवन, निवारा, एस. एम. जोशी सभागृह ही ठिकाणे एकमेकांच्या जवळ आहेत, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे, आणि परिषदेच्या सभागृहाचा उल्लेख वर आलाच. जागा ठरवण्याआधी तिथे एखादा कार्यक्रम शेवटच्या रांगेत बसून ऐकावा. पंख्यांचा आवाज, शेजारच्या दालनातला तबला, रस्त्यावरचे हॉर्न हे सगळे मोकळी खोली पाहून कळत नाही.

तारखेचा विचार पुण्यात वेगळाच करावा लागतो. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि पालख्या शहरात मुक्कामाला असतात ते दिवस सोडावेत. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या दिवशी कार्यक्रम ठेवला तर आपले निम्मे श्रोते तिकडे सतरंजीवर बसलेले असतील. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन मोहक वाटतो, पण त्या दिवशी प्रत्येक सभागृह भरलेले असते आणि प्रत्येक पाहुणा तीन ठिकाणी अर्धा-अर्धा तास वाटून दिलेला असतो. माझा कल रविवारी सकाळी साडेदहाकडे असतो. रस्ते मोकळे असतात, ज्येष्ठ श्रोत्यांना परतताना अंधार नसतो, आणि साडेबारा वाजले की जेवणाची आठवण वक्त्यांना आपोआप आवरते.

ध्वनिक्षेपकाची तपासणी कवीने स्वतः, स्वतःची कविता वाचून करावी. “हॅलो, वन टू थ्री” ने काही कळत नाही. ध्वनिक्षेपक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या किंचित बाजूला, चार बोटांच्या अंतरावर ठेवला तर प, फ, भ या अक्षरांचे फटके बसत नाहीत. वाचन पुस्तकातूनच करावे, सुट्या कागदांवरून नको, कारण श्रोत्यांनी ते पुस्तक हातात धरलेले पाहायला हवे. मात्र त्या प्रतीत कवितांच्या क्रमाने खुणेच्या पट्ट्या लावून ठेवाव्यात. एका प्रकाशनात अशी खुणा केलेली एकमेव प्रत कोणीतरी रंगीत कागदात गुंडाळून पाहुण्यांच्या हाती दिली होती आणि कवयित्रीला नवी कोरी प्रत घेऊन पाने उलटत बसावे लागले. आपली प्रत आपल्याच पिशवीत ठेवावी.

चहा आणि अल्पोपाहार कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास द्यावा. त्याने माणसे वेळेवर येतात, हे एक, आणि शेवटच्या कवितेच्या वेळी बटाटेवड्यांचा वास सभागृहात शिरत नाही, हे दुसरे.

विक्रीचे टेबल दाराशी असावे आणि ते कार्यक्रमाच्या आधीही सुरू असावे. तिथे नातेवाईक नको, कारण नातेवाइकाला पैसे मागताना संकोच वाटतो आणि निम्म्या प्रती भेट जातात. सवलतीची किंमत मोठ्या अक्षरांत लिहिलेली, यूपीआयचा कोड छापून लावलेला आणि सुटे पैसे डब्यात तयार, एवढी व्यवस्था पुरते. वाचनाच्या वेळी पृष्ठक्रमांक सांगायचा असेल तर कविता संपल्यावर सांगावा. आधी सांगितला की सगळे पुस्तकात डोके घालतात, नंतर सांगितला की ज्याला ती कविता हवी असते तो टेबलाकडे जातो. स्वाक्षरी देताना घेणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहून मागावे. ओळखीच्या माणसाचेही आडनाव ऐन वेळी आठवत नाही, आणि सुनीताची “सुनिता” झाली तर ती प्रत पंचवीस वर्षांनीही आपल्याला दाखवली जाते. माझ्या बाबतीत ते झाले आहे.